नंदगडचा तीनचा फुगा

मी नऊ वर्षांची असताना निपाणीबाहेरच्या एका रानात माझ्यासमोर एक बाई वीज पडून मेली. ती आमची शेजारीण. आई आणि ती दोघी वर्षभर विड्या वळायच्या, आणि तंबाखू निघून गेल्यावर रानात उरलेली खुटं सरपणाला उपटून आणायला उन्हाळ्यात बरोबर जायच्या. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून मीही गेले होते. दुपारी पश्चिमेकडून आभाळ काळं झालं तशी आईनं मला ओढत बांधाच्या खाली नेऊन बसवलं. शेजारीण मोळी बांधत होती. एवढी गाठ मारून येते म्हणाली. मग पांढरं काहीतरी झालं. आवाज आधी झाला की नंतर, हे मला आजही सांगता येत नाही. ती मोळीवरच पडली. अंगावर कुठं जखम दिसत नव्हती. आई तिला हाका मारत होती, पण मला काही ऐकू येत नव्हतं, आईचं तोंड तेवढं हलताना दिसत होतं.

त्यानंतर आभाळ भरलं की मी घरात कॉटखाली जाऊन बसायची. शाळेत असले तर बाकाखाली. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, पोरगी मोठी झाली की जाईल भीती. मी मोठी झाले, बेळगावात बी.एस्सी. केलं, धारवाडला जाऊन भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं. भीती गेली नाही. ती लपवायची कशी एवढं मात्र शिकले.

एम.एस्सी. झाल्यावर मला काम मिळालं तेही आभाळाचंच. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. पुण्याच्या एका संशोधन संस्थेतले एक शास्त्रज्ञ उन्हाळ्यापुरतं बेळगावात ठाणं मांडणार होते, त्यांना मदतनीस हवे होते. मी अर्ज केला तेव्हा काम हवेच्या गणिताचं आहे एवढंच माहीत होतं. टेबलाशी बसून आकडे मांडायचे असतील, असा माझा समज. आईलाही मी तसंच सांगितलं, की ऑफिसात बसून काम आहे. वस्तीत शिकलेल्या मुली तेव्हा दोन-तीनच, आणि पगाराच्या कामावर जाणारी मी पहिली. निघताना वस्तीतल्या बुद्धविहारात सगळ्यांनी मिळून माझा सत्कार केला. मला तिथंही धाकधूकच वाटत होती. माझ्या हातून काही चुकलं तर त्या चुकीला माझं एकटीचं नाव लागणार नाही, हे मला फार लवकर कळलं होतं.

पहिल्याच दिवशी त्या शास्त्रज्ञांनी, आम्ही त्यांना सर म्हणायचो, आम्हा तिघा मदतनिसांना समोर बसवून काम समजावलं. ढग कसे वाढतात, पाऊस कधी पडतो, हे गणितानं काढायचं तर साऱ्या आभाळाचं गणित मांडावं लागतं. तेवढं पेलणारा संगणक संस्थेकडं नव्हता. म्हणून ते एकाच गावावरचा हवेचा उभा खांब धरायचे, जमिनीपासून पार वरपर्यंत, आणि तेवढ्यातल्या ढगांचं गणित करायचे. पण खांबाभोवती शेकडो मैल हवा पसरलेली असते, आणि ती खांबातली हवा उचलते, दाबते. त्या सगळ्या मोठ्या हालचालीच्या जागी सरांना एकच सोपा नियम बसवायचा होता. उंचावर तापमानाचा फरक टिकत नाही, असं तो नियम म्हणायचा. ढगानं एका ठिकाणी हवा तापवली तरी ती ऊब लाटेसारखी झटकन चहूकडं पसरते. तेव्हा खांबातलं वरचं तापमान कायम भोवतीच्या हवेइतकंच धरायचं.

सर म्हणाले, हौदाच्या एका कोपऱ्यात घागर ओतली तर तिथं पाण्याचा ढीग राहतो का? तसंच.

मी विचारलं, एका गावात मुसळधार पाऊस असेल आणि दुसऱ्या गावात ऊन, तरीही वर तापमान सारखंच?

"तेच तर तपासायचंय," सर म्हणाले. "नियम सोपा आहे, पण तो खरा आहे का हे आपल्याला माहीत नाही."

तपासायची पद्धत अशी. बेळगुंदी, नंदगड आणि निपाणी अशा तीन ठिकाणांहून रोज दुपारी तीन वाजता एकाच वेळी गॅसचा फुगा सोडायचा. फुग्याखाली एक डबी बांधलेली असायची. ती वर जाताजाता तापमान मोजायची आणि रेडिओवरून खाली कळवायची. खाली खोलीतल्या यंत्रात कागदाच्या पट्टीवर पेन रेघ काढत जायचं. त्या रेघेवरून कुठल्या उंचीवर किती तापमान, याचा तक्ता करायचा. दर शनिवारी तिघांनी तक्ते घेऊन बेळगावला यायचं.

निपाणीचं ठाणं सरांनी मला देऊ केलं होतं, घर जवळ म्हणून. मी नको म्हटलं. त्या रानांकडं तोंड करून रोज तीन वाजता उभं राहणं मला जमलं नसतं. मी नंदगड मागून घेतलं. नंदगडला वळीव जास्त येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिथली शाळा गावाबाहेर माळावर होती आणि सुट्टीमुळं रिकामी होती. यंत्र एका वर्गात ठेवलं, गॅसच्या टाक्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मी दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या खोलीत राहायची. मदतीला शाळेचे शिपाई दिले होते, पन्नाशी उलटून गेलेले. मी त्यांना आप्पा म्हणायची, ते मला आक्का. फुगा भरायला वीस मिनिटं लागायची. आप्पा टाकीचा नळ सोडायचे, मी डबीची, भिजल्यावरच चालू होणारी बॅटरी पाण्यात बुडवून यंत्रावर आवाज येतो का बघायची. मग दोघं मिळून फुगा माळावर न्यायचा आणि सोडून द्यायचा. वहीत वेळ लिहून खाली दोन सह्या करायच्या, माझी आणि साक्षीदार म्हणून आप्पांची.

पहिले काही दिवस आभाळ कोरडं गेलं. नंतर एके दिवशी दोन वाजताच डोंगराकडून ढग वर आले आणि गडगडायला लागलं. मी फुगा सोडलाच नाही. वहीत लिहिलं, हवामान खराब.

शनिवारी सरांनी ते वाचलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की कोरड्या दिवशी तिन्ही ठिकाणी तापमान सारखं येणारच, त्यानं काही सिद्ध होत नाही. नंदगडला पाऊस आणि बाकी दोन्हीकडं ऊन, असा दिवस हवा आहे. वीज डोक्यावर असताना बाहेर पडू नका, पण तीन ते चारच्या मधे जेव्हा सवड मिळेल तेव्हा फुगा गेला पाहिजे. "अवघड वाटत असेल तर सांगा," ते म्हणाले. "पुण्याहून कुणाला तरी पाठवता येईल."

मी म्हटलं, अवघड नाही.

मे महिन्याच्या मध्यावर तो दिवस आला. अडीचला आम्ही शेडमध्ये फुगा भरत होतो. एकाएकी उजेड कमी झाला. पत्र्यावर वाळू उडाल्यासारखा वाऱ्याचा आवाज आला आणि पहिली वीज चमकली. शेजारी गॅसच्या टाक्या, हातात अर्धा भरलेला फुगा. मी तो आप्पांच्या हातात देऊन पळाले आणि वर्गात टेबलाखाली जाऊन बसले. कान दाबून धरले होते तरी आवाज फरशीतून वर येत होता. तोंडात गंजासारखी चव आली होती. पदवी, पगार, वय, कशाचा काही उपयोग नव्हता.

साडेतीनला पाऊस थांबला. गडगडाट पूर्वेला लांब गेला. आप्पा दारात येऊन उभे राहिले. फुगा त्यांनी तसाच बांधून ठेवला होता.

"आक्का, वीज लांब गेलीय. सोडूया न्हवं?"

मला उठायचं होतं, पण पाय हलत नव्हते. मी मान हलवली, होय की नाही ते मलाही कळलं नाही. आप्पा थोडा वेळ थांबले आणि गेले. फुग्यातला गॅस काढून टाकून ते परत आले तेव्हा चार वाजून गेले होते. मी टेबलाखालून निघाले, पदराला पुसून हात कोरडे केले आणि वही उघडली. आता पुन्हा 'हवामान खराब' लिहिलं की पुण्याहून माणूस येणार, एवढंच डोक्यात होतं. मी लिहिलं, फुगा सोडला, तीन पस्तीस. सही केली आणि वही आप्पांपुढं सरकवली. आप्पांना वाचता येत होतं. त्यांनी वाचलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि सही केली.

पट्टी नव्हती, तापमानं नव्हती. ती मी शनिवारी बेळगावात तयार केली. माझं अक्षर चांगलं म्हणून तिन्ही ठाण्यांच्या तक्त्यांची स्वच्छ प्रत मीच काढायची. त्या दिवशीचा निपाणीचा तक्ता समोर होता. वर सगळीकडं तापमान सारखंच असतं असं नियमच म्हणत होता, मग मी निपाणीचे आकडे उचलले आणि इथं थोडं वाढव, तिथं थोडं कमी कर असं करत नंदगडच्या रकान्यात भरले. जमिनीलगत तापमान उतरवून ठेवलं, कारण पावसानं खालची हवा गार होते. खोटं लिहिण्याइतकं शास्त्र मला येत होतं. पट्टी भिजून फाटली, पण आकडे आधी उतरवून घेतले होते, असं सरांना सांगितलं.

सरांनी तिन्ही रेघा एका कागदावर काढल्या. जमिनीजवळचा भाग सोडला तर त्या एकमेकींवर बसल्या. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. नंदगडवर वादळ असताना वर काही फरक नाही, याहून चांगला पुरावा त्यांना कुठून मिळणार होता? दुसऱ्या दोघांना बोलावून त्यांनी ती रेघ दाखवली आणि म्हणाले, हे बाईंनी पावसात उभं राहून आणलंय.

तिथून पुढचे पाच महिने मी नीट झोपले नाही. उन्हाळा संपला, पावसाळा आला. मी बेळगावच्या खोलीत बसून आकडे मांडत होते. सगळं काम त्या एका दिवसावर उभं होतं. बाकीचे दिवस कोरडे. सरांनी लेख लिहायला घेतला, पुण्याला तज्ज्ञांपुढं तो वाचायचं ठरलं, त्यात दुसरं नाव माझं. एकदा त्यांनी सहज विचारलं, ती फाटकी पट्टी आहे का, वाळवून बघू, काहीतरी दिसेल. टाकून दिली म्हटलं. ते 'बरं' म्हणून पुन्हा लिहायला लागले. पुण्याचं पाकीट टेबलावर दिसलं की सर ते उघडेपर्यंत मी दाराबाहेर जाऊन उभी राहायची. निपाणीला गेले की आईसमोर जेवण जायचं नाही. तब्येत बरी नाही म्हणायची. आई वस्तीत सांगत असायची की माझ्या मुलीचं नाव छापून येणार आहे. ते ऐकून मी न्हाणीत जाऊन बसायची.

दिवाळीनंतर एका सकाळी आप्पा बेळगावला आले. मी त्यांना आमच्या ऑफिसच्या दारात बघितलं. वाटलं, सांगायलाच आलेत. ते सरांकडं न जाता माझ्याकडं आले आणि पिशवीतून एक कागद काढला. संस्थेनं प्रत्येक ठाण्याच्या साक्षीदाराला छापील कागद पाठवला होता. फुगे सोडल्याच्या सगळ्या तारखा त्यावर होत्या. प्रत्येक तारखेपुढं सही करून तो परत धाडायचा होता. आप्पांनी सगळीकडं सही केली होती. एक जागा कोरी होती.

मी त्यांना बाहेर हॉटेलात नेलं, चहा सांगितला. ते कागद गुडघ्यावर धरून बसले.

"ह्या तारखंम्होरं सही करू का नगं, तेवढं सांगा आक्का," ते म्हणाले. "वहीत केली तवा मला लई काय वाटलं न्हाय. आता सरकारी कागुद आलाय. माझी नोकरीची दोन वर्सं राहिल्यात."

मी विचारलं, हे कुणाला बोललात का. न्हाय, म्हणाले, घरात बी न्हाय. महिनाभर तो कागद धान्याच्या डब्यात लपवून ठेवला होता. मला तोवर वाटत होतं की या भीतीत मी एकटीच आहे. तिकडं नंदगडला एक म्हातारा माणूस माझ्यापायी तसाच जागा होता.

"सही करू नका," मी म्हटलं.

"मग तुमचं काय हुईल?"

"मी बघते."

त्यांनी चहाला हात लावला नाही. उठताना म्हणाले, "त्या दिवशी मीबी भ्यालतो. पर मला वहीत काय ल्हायचं नव्हतं."

त्याच दुपारी मी सरांच्या खोलीत गेले. बसा म्हणाले तरी बसले नाही. बसले असते तर बोलणं झालं नसतं. मी सगळं सांगितलं, फुगा, टेबल, वही, निपाणीचा तक्ता. सरांनी फाइलमधून तो तीन रेघांचा कागद काढला आणि टेबलावर पसरला.

"म्हणजे नियमाची परीक्षा मी नियमानंच लिहिलेल्या उत्तरावर घेतली," ते म्हणाले.

मग त्यांनी कारण विचारलं. तेव्हा मी पहिल्यांदा कुणाला तरी त्या रानातलं सांगितलं. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, हे आधी का नाही सांगितलं? मी म्हटलं, सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्याला पाठवलं असतं.

"हो," सर म्हणाले. "पाठवलं असतं."

त्यांनी लेख मागं घेतला. संस्थेला पत्र लिहिलं आणि धाडण्याआधी मला वाचून दाखवलं. माझं नाव त्यात होतं, गाळलं नव्हतं. साक्षीदाराची सही माझ्या सांगण्यावरून झाली, त्यांचा दोष नाही, हे वाक्य मी घालायला सांगितलं. ते त्यांनी घातलं. उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी रोज मनात वस्तीत परत जायची. काय सांगायचं, कुणाकुणाला सांगायचं. विहारासमोरून कसं जायचं. एकदा तर सामान बांधून पुन्हा सोडलं.

उत्तर आलं ते दोन ओळींचं. मला लेखी ताकीद होती, आणि सरांना आणखी एका उन्हाळ्याची परवानगी. सरांनी विचारलं, नंदगड कुणाला देऊ? मी म्हटलं, मला द्या. का म्हटलं ते नीट सांगता येत नाही. धीर आला होता असं अजिबात नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सरांनी आधी शाळेवर वीज उतरवून घेणारी तार बसवून घेतली. शेड टाक्यांपुरतीच ठेवली, फुगा उघड्यावर भरायचा ठरलं. वीज चमकल्यावर आवाज येईपर्यंत तीस मोजून झाले तरच बाहेर पडायचं, आणि वादळाच्या दिवशी एकाऐवजी दोन फुगे सोडायचे, दुसरा दोन तासांनी. मी शाळेत पोचले त्या दिवशी आप्पा दारात उभे होते. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि वर्गाचं कुलूप काढलं.

एप्रिल सरत आला तेव्हा वादळ आलं. मी वर्गात भिंतीला टेकून उभी होते, टेबलापासून मुद्दाम लांब. आप्पा दारात राहून मोजत होते. पंधराला आवाज आला. पुन्हा चमकलं, बारालाच आवाज. मी डोळे मिटून घेतले. अर्ध्या तासानं बावीसपर्यंत गेलं, मग अठ्ठावीस. नंतर एकदा आप्पा तेहतीसपर्यंत मोजत गेले आणि माझ्याकडं बघत राहिले.

मी बाहेर आले. माळ ओला होता, चपला चिखलात रुतत होत्या. आप्पा नळ सोडत होते, मी फुग्याचं तोंड धरलं होतं, आणि वीस मिनिटं आभाळाकडं न बघता फक्त माझ्या बोटांकडं बघत होते. डबी बांधताना गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा आप्पांनी बांधली. फुगा सुटला तसा वाऱ्यानं आडवा ओढून नेला, मग वर गेला. मी वर्गामागं जाऊन उलटी केली, तोंड धुतलं आणि यंत्रापाशी येऊन बसले. पेन रेघ काढत होतं. तासभर मी त्या पेनावरची नजर काढली नाही. रेघ थांबली तेव्हा पट्टी गुंडाळून पिशवीत घातली आणि ती पिशवी दुसरा फुगा जाईपर्यंत खांद्यावरून उतरवली नाही.

शनिवारी सरांनी रेघा काढल्या. या वेळी प्रत मी काढली नाही, तेच म्हणाले, तुम्ही बसा. पहिल्या फुग्याच्या वेळी ढगाच्या मध्यावरच्या उंचीला नंदगडची हवा निपाणीपेक्षा चांगलीच गरम होती. रेघ उघडउघड बाहेर आलेली. दोन तासांनंतरच्या फुग्यात ती परत बाकीच्या दोघींच्या जवळ येऊन बसली होती. नियम तासांच्या हिशेबात खरा होता, ऐन वादळात खोटा. माझे मागच्या वर्षीचे आकडे राहिले असते तर हे कुणाला कळलंच नसतं. सरांनी मग गणितात बदल केला. वरचं तापमान एकदम भोवतीइतकं न धरता हळूहळू तिकडं नेत न्यायचं. तसं केल्यावर खांबातला पाऊस खऱ्या पावसाच्या बराच जवळ आला. लेख नव्यानं लिहिला गेला. माझं नाव तळटीपेत आलं, निरीक्षक म्हणून. ते योग्यच होतं.

जून लागायच्या आत ठाणी उठली. टाक्या ट्रकनं कोल्हापूरला पोचवायच्या होत्या आणि कागदपत्रांसाठी कुणीतरी बरोबर जायला हवं होतं. मी ड्रायव्हरशेजारी बसले. मागं टाक्या एकमेकींवर आपटायच्या, प्रत्येक खड्ड्याला मी दाराची कडी घट्ट धरायची. ड्रायव्हर हसून म्हणाला, रिकाम्या हायत्या बाई. मला माहीत होतं. तरी कडी सोडवली नाही.

निपाणीला तासभर थांबलो. आई विड्यांच्या वखारीतून नुकतीच आली होती, हातांना तंबाखूचा वास होता. तिला मी ताकीद सांगितली, फुगा सांगितला, माळ सांगितला. ऑफिसात बसायचं काम नव्हतं, तेही सांगितलं. तिनं चुलीवरची भाकरी उलटली, पदरानं तोंड पुसलं.

"आता म्होरं कुठं हाय?" तिनं विचारलं.

"कोकणात. सरांचं नवं ठाणं. समुद्राच्या कडेला."

"मोकळ्यावर?"

"व्हय."

तिनं दोन भाकरी फडक्यात बांधल्या, वर चटणीचा गोळा ठेवला आणि माझ्या हातात दिल्या. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला तशी ती माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली, आणि ट्रकच्या मागं जाऊन टाक्या नीट बांधल्यात का ते दोर ओढून बघायला लागली.